रिपोर्ट राहू द्या, आधी सांगा रक्त कधी घेतलं

मागच्या अंकात नवजात बाळाच्या टाचेच्या रक्तातून कळणाऱ्या आजारांवर लिहिलं होतं, त्यात फॅटी ॲसिडचे जन्मजात आजार मी एका परिच्छेदात उरकले आणि तिथेच फसले, कारण आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त त्याच परिच्छेदावर आहेत. म्हणून या वेळी फक्त तोच विषय. आधीच सांगते, मी औषध लिहून देणारी डॉक्टर नाही, लॅबमध्ये मशीनपाशी बसणारी बाई आहे, त्यामुळे डोस आणि आहाराचे प्रश्न तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, मी रिपोर्टपुरतं बोलते.

ज्यांनी मागचा अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोटात काही गेलं की शरीर काही तास साखरेवर चालतं, ती संपत आली की चरबी जाळायला घेतं. चरबीतले फॅटी ॲसिड म्हणजे कार्बनच्या साखळ्या, त्या कार्निटिन नावाच्या रेणूच्या पाठीवर बसून मायटोकॉन्ड्रियात जातात आणि तिथे एन्झाइम्स दर फेरीला दोन-दोन कार्बन तोडत तोडत त्यांची ऊर्जा करतात. यातलं एखादं एन्झाइम जन्मापासून नीट नसेल तर साखळी ठराविक लांबीवर अडते, आणि अडलेली साखळी परत कार्निटिनला चिकटून रक्तात उतरते. तिला म्हणतात ॲसिलकार्निटिन. आठ कार्बनची अडली तर सी-८, चौदाची आणि तिच्यात एक दुहेरी बंध असला तर सी-१४:१. बास, रिपोर्टमधली ती न कळणारी यादी म्हणजे एवढंच, कोण कुठे अडलंय त्याची हजेरी.

प्रश्न : बाळ बारा दिवसांचं आहे, टाचेच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये सी-८ वाढलेलं म्हणून फोन आला, परत रक्त मागितलंय. बाळ छान दूध पितंय, वजन वाढतंय. मशीनची चूक असू शकते का? रात्रभर झोप नाहीये मला.

चूक असू शकते का, तर हो, पण तसं धरून चालायचं नाही. काय होतं ते सांगते. कार्डावरच्या सुकलेल्या रक्ताच्या ठिपक्यातून आम्ही जेमतेम तीन मिलिमीटरची एक चकती पाडतो, त्यात रक्त असतं साधारण तीन मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाचाही छोटासा हिस्सा. ते टॅन्डम मास नावाच्या मशीनला दिलं की मशीन रेणूंचं वजन करतं, मग रेणू फोडतं आणि तुकड्यांचं परत वजन करतं. गंमत अशी की कुठलंही ॲसिलकार्निटिन फोडलं की ८५ वजनाचा एक तुकडा पडतोच, त्यामुळे मशीनला एवढंच सांगायचं की ज्याच्यातून ८५ पडला ते सगळे मूळ रेणू दाखव, आणि दोनेक मिनिटांत अख्खी यादी समोर. डेव्हिड मिलिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नवजात बाळांसाठी वापरता येईल असं १९९० मध्ये मांडलं, त्याच्या आधी एका रक्ताच्या ठिपक्यात एका वेळी एकच आजार शोधायचा असा मामला होता.

आता तुमचं सी-८. हे वाढलं की पहिलं नाव येतं एमकॅडचं, म्हणजे मधल्या लांबीच्या साखळ्या तोडणारं एन्झाइम कमी असणं. पण आम्ही एकट्या सी-८ वर कधीच जात नाही, सी-६, सी-१०:१ पण वर आहेत का आणि सी-८ ला सी-१० ने भागलं तर गुणोत्तर किती येतं ते बघतो. गुणोत्तरही वर असेल तर संशय पक्का होत जातो, एकटं सी-८ काठावर असेल तर बाळ फक्त वाहक असू शकतं, म्हणजे जीनची एकच प्रत सदोष आणि आजार नाही. अजून एक, बाळाला एमसीटी, म्हणजे मधल्या लांबीच्या साखळ्यांची चरबी, असलेलं खास फॉर्म्युला चालू असेल तर सी-८ आणि सी-१० दोन्ही त्या दुधातूनच चढतात, हे लॅबला कोणी कळवत नाही आणि आम्ही इकडे डोकं खाजवत बसतो. चालू असेल तर आजच डॉक्टरांना विचारा, कारण खरंच एमकॅड असेल तर एमसीटी द्यायचंच नसतं.

परत रक्त द्या, लघवीत हेक्झॅनॉइलग्लायसिन आणि सुबेरिलग्लायसिन तपासायला सांगतील ते करा, आणि एसीएडीएम या जीनची तपासणी. एमकॅडचं एक बरं आहे, बाळ हसतं-खेळतं असतानाही सी-८ सहसा वरच राहतं, त्यामुळे दुसऱ्या नमुन्यात चित्र बऱ्यापैकी साफ होतं. तोपर्यंत मात्र बाळाला जास्त वेळ उपाशी ठेवू नका, रात्री झोपलं तरी उठवून पाजा, आणि उलट्या झाल्या, दूध नाकारलं, सुस्त वाटलं तर सकाळची वाट न बघता रिपोर्ट हातात घेऊन इमर्जन्सीत जा. तिथे मोठ्याने सांगा की एमकॅडचा संशय आहे, साखर लावा. नवजात बाळांच्या काळजीवाल्या आया उगाच घाबरतात असं म्हणणारे भेटतील, ऐकू नका.

प्रश्न : आमच्या मुलीचं तिसऱ्या दिवशीच्या कार्डात सी-१४:१ जास्त आलं होतं. तीन आठवड्यांनी परत केलं, एकदम नॉर्मल. एक डॉक्टर म्हणाले झालं आता विसरा, दुसरे म्हणतात जीन टेस्ट करा. नॉर्मल आल्यावर परत कशाला?

दुसरे बरोबर आहेत. हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की उत्तर छापून भिंतीवर लावावं असं वाटतं.

सी-१४:१ वाढतं ते व्हीएलकॅडमध्ये, म्हणजे लांब साखळ्या तोडणारं पहिलंच एन्झाइम कमी असणं. जन्मानंतरचे पहिले दोन-तीन दिवस आठवा, आईचं दूध अजून पुरतं उतरलेलं नसतं, नाळेतून येणारी साखर बंद झालेली असते आणि बाळ स्वतःची चरबी जाळत असतं. म्हणजे एन्झाइमवर भार पडलेला असतो, आणि भार पडला की उणीव दिसते. तीन आठवड्यांनी बाळ दर दोन-अडीच तासाला पितंय, चरबी जाळायची वेळच येत नाही, मग अडणार काय आणि दिसणार काय? दुसरं रक्त नॉर्मल आलं याचा अर्थ त्या दिवशी शरीराला अडचण नव्हती, एवढाच. एमकॅडमध्ये दुसरा नमुना बोलका असतो म्हणून लोक तोच नियम इथे लावतात आणि तिथेच घसरतात.

उलट बाजू पण सांगते नाहीतर तुम्ही घाबराल. पहिलं कार्ड वाढलेलं येणाऱ्यांत बरीच बाळं नुसती वाहक निघतात, त्यांना काहीही होत नाही. वाहक की आजारी, हे कार्डावरून ठरत नाही, त्यासाठी एसीएडीव्हीएल जीन वाचायचा, आणि जीनमध्येही गोंधळ राहिला तर रक्तातल्या लिम्फोसाइट पेशींत किंवा त्वचेच्या पेशी वाढवून त्यात एन्झाइम प्रत्यक्ष किती काम करतंय ते मोजायचं. ते उत्तर येईपर्यंत मुलीला 'तपास चालू' समजा.

प्रश्न : मी लेबर वॉर्डात नर्स आहे. आमची बरीच कार्डं 'नमुना अयोग्य' म्हणून परत येतात. लॅबवाले फार नखरे करतात असं आमच्याकडे म्हणतात, राग मानू नका.

राग कसला, आमच्याकडे वॉर्डवाल्यांबद्दल काय म्हणतात ते मी लिहीत नाही! वर्तुळ एकाच थेंबाने भरा, मागच्या बाजूपर्यंत रक्त झिरपलेलं दिसलं पाहिजे, एकावर एक थेंब टाकले की चकतीत रक्त जास्त भरतं आणि सगळेच आकडे फुगतात. आडवं ठेवून कमीत कमी तीन तास खोलीच्या हवेत सुकवा, हीटरसमोर, उन्हात नाही. ओलं कार्ड पाकिटात घातलं किंवा दमट-गरम जागी पडून राहिलं तर ॲसिलकार्निटिन तुटतात, साखळी सुटून नुसतं कार्निटिन उरतं, आणि मग आजारी बाळाचा रिपोर्टही साळसूद दिसतो. नखरे त्याच्यासाठी आहेत. आणि कृपा करून वेळ लिहा, जन्माची आणि रक्ताची, दोन्ही. आणि बाळ मुदतपूर्व आहे का, शिरेतून पोषण चालू आहे का हेही. ती चार खणं रिकामी सोडलेलं कार्ड आलं की आम्हाला अंधारात आकडे वाचावे लागतात.

प्रश्न : ताई, माझा भाचा चौदा महिन्यांचा. दोन दिवस उलट्या, खाल्लं नाही, पहाटे उठवलं तर उठेचना, शुद्ध नव्हती. हॉस्पिटलात साखर खूप कमी निघाली, सलाईन लावल्यावर तासाभरात जागा झाला. लघवीत कीटोन नव्हते असं डिस्चार्ज पेपरवर आहे. महिन्याने सगळ्या टेस्ट केल्या, सगळं नॉर्मल. आता घरचे म्हणतात काही नाही, अशक्तपणा होता.

अशक्तपणा नव्हता हो. तुम्ही लिहिलेलं 'कीटोन नव्हते' हे वाक्य मी तीनदा वाचलं.

बघा, मूल दोन दिवस न खाता राहिलं आणि साखर घसरली तर शरीराने चरबी जाळून भरपूर कीटोन करायला हवेत, लघवीची पट्टी गडद व्हायला हवी. साखर पण नाही आणि कीटोन पण नाहीत, म्हणजे दोनच मोठ्या शक्यता उरतात. एक, इन्सुलिन नको तेव्हा जास्त आहे आणि त्याने चरबी सुटूच दिली नाही. दोन, चरबी सुटली पण जळली नाही, म्हणजे आपले हे आजार. यातला फरक एका साध्या तपासणीने कळतो, त्याच वेळच्या रक्तातले मोकळे फॅटी ॲसिड बघायचे. इन्सुलिनवाल्यात तेही कमी असतात, आपल्या आजारांत ते भरपूर आणि कीटोन मात्र त्या मानाने फारच थोडे. पण 'त्याच वेळच्या रक्तातले', हा शब्द महत्त्वाचा आहे.

म्हणून साखर ५० च्या खाली दिसली की सलाईन सोडण्याआधी, त्याच सुईतून, जास्तीच्या दोन-तीन ट्यूब भरून घ्यायच्या असतात : साखर, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट म्हणजे रक्तातला कीटोन, मोकळे फॅटी ॲसिड, इन्सुलिन, लॅक्टेट, अमोनिया, सीके म्हणजे स्नायू फुटले की रक्तात येणारं एन्झाइम, ॲसिलकार्निटिन, आणि नंतर जी पहिली लघवी होईल ती ऑरगॅनिक ॲसिडसाठी. नळी भरायला अडचण येत असेल तर साखर आधी, नमुना गेला खड्ड्यात, त्यात वाद नाही. पण बहुतेक वेळा अडचण नसते, कोणाच्या डोक्यात येत नाही एवढंच. साखर चढली की तासाभरात पुरावा पुसला जायला लागतो आणि महिन्याने तर काय, पोट भरलेल्या मुलाचं रक्त तपासलं तुम्ही.

आता काय करता येईल. सगळ्यात आधी त्या हॉस्पिटलच्या लॅबला विचारा की त्या पहाटेच्या सॅम्पलचं उरलेलं सिरम फ्रीजमध्ये आहे का. महिना झालाय म्हणजे आशा थोडी, पण कधीकधी मिळतं, आणि उरलेल्या थेंबावर ॲसिलकार्निटिन होतं. दुसरं, जन्माच्या वेळचं टाचेचं कार्ड कुठे जपून ठेवलेलं आहे का ते शोधा. तिसरं, जीन पॅनेल, म्हणजे या आजारांचे सगळे जीन एकदम तपासणं, कारण जीनला मूल उपाशी आहे की जेवलेलं याने काही फरक पडत नाही. आणि चौथं, डॉक्टरांकडून इमर्जन्सी चिठ्ठी लिहून घ्या की पुढच्या वेळी असं झालं तर कोणते नमुने कधी घ्यायचे आणि ग्लुकोज लगेच. चिठ्ठी आईच्या पर्समध्ये हवी, घरातल्या फाइलमध्ये असून उपयोग नाही.

कोणी म्हणालं की मुलाला मुद्दाम उपाशी ठेवून बघूया, तर घरी अजिबात नाही, आणि हॉस्पिटलमध्येसुद्धा ॲसिलकार्निटिन आणि जीन झाल्याशिवाय नाही. पूर्वी करायचे, त्यात धोका होता, आता बहुतेक वेळा गरज पडत नाही.

प्रश्न : मुलाला आकडीसाठी व्हॅल्प्रोएट चालू आहे, कार्निटिनचं सिरपही सुरू केलंय. आता ॲसिलकार्निटिन टेस्ट सांगितली. औषधं बंद करून जाऊ का?

नाही, स्वतःहून काहीच बंद करू नका. फक्त फॉर्मवर दोन्ही लिहा. व्हॅल्प्रोएटने कार्निटिन कमी होतं, सिरपने मोकळं कार्निटिन आणि सी-२ वर जातं, आणि काही अँटिबायोटिक्स, ज्यात पिव्हॅलिक ॲसिड असतं, त्यांनी सी-५ वाढल्यासारखं दिसतं कारण मशीन फक्त वजन ओळखतं, सारख्या वजनाचे दोन रेणू त्याला एकच वाटतात. लिहिलेलं असलं की आम्ही त्या हिशेबाने वाचतो.

प्रश्न : बाळाचं कार्निटिन फार कमी आलं, आणि लॅबने माझं, म्हणजे आईचं, रक्त मागितलंय. आजार बाळाला आणि रक्त माझं, हा काय प्रकार?

मला हा भाग फार आवडतो, खरं सांगते. बाळाच्या अंगातलं सुरुवातीचं कार्निटिन नाळेतून आईकडून आलेलं असतं. आईचंच कमी असेल तर बाळाकडे कुठून येणार? काही वेळा बाळ ठणठणीत निघतं आणि पेशीत कार्निटिन ओढून घेणाऱ्या प्रथिनाचा दोष, एसएलसी२२ए५ जीनमधला, आईतच सापडतो, जिला आयुष्यभर कसलाच पत्ता नसतो. तुम्हाला काही त्रास नसला तरी रक्त द्या, कारण हा दोष असेल तर हृदयाच्या ठोक्यांना धोका असू शकतो आणि उपाय आहे, कार्निटिन तोंडाने घ्यायचं. बाळाचंही काही आठवड्यांनी परत होईल.

प्रश्न : वय २६. लांब पळालो किंवा ताप असताना जास्त काम केलं की मांड्या दगड होतात आणि दुसऱ्या दिवशी लघवी कोकसारखी. लघवीत 'ब्लड पॉझिटिव्ह' आलं म्हणून किडनीवाल्यांकडे पाठवलं, तिथे सगळं ठीक. मित्र म्हणतात पाणी कमी पितोस.

तुमच्या लघवीच्या रिपोर्टमध्ये मायक्रोस्कोपीची ओळ बघा. पट्टीवर ब्लड पॉझिटिव्ह आणि खाली लाल पेशी नाहीत किंवा नावाला, असं असेल तर ते रक्त नाही, मायोग्लोबिन आहे, फुटलेल्या स्नायूंतून आलेलं. पट्टीला दोघांतला फरक कळत नाही.

मोठेपणी असं होण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे सीपीटी-२ ची उणीव, लांब फॅटी ॲसिड आत आल्यावर त्याला कार्निटिनच्या पाठीवरून उतरवणारं एन्झाइम. लांब पळणं, उपाशीपोटी श्रम, थंडी, ताप, ही त्याची ठरलेली निमित्तं. पळायला लागल्यावर पहिल्या काही मिनिटांतच पाय अडत असतील तर वेगळा आजार मनात येतो, साठवलेली साखर न तुटण्याचा, म्हणून डॉक्टरांना 'किती वेळाने दुखतं' ते नीट सांगा.

टेस्ट : पुढच्या वेळी लघवी काळी झाली की त्याच दिवशी सीके. ते हजारांत जातं आणि मधल्या दिवसांत अगदी नॉर्मल असू शकतं. किडनीवर ताण येतो म्हणून तसंही त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये जायचंच आहे, घरी पाणी पीत बसू नका. ॲसिलकार्निटिन कार्डावर नको, प्लाझ्मावर मागा, लांब साखळ्या सी-१६, सी-१८:१ प्लाझ्मात जास्त स्वच्छ दिसतात, कार्डात लाल पेशींमधल्या साखळ्याही मोजल्या जातात आणि सौम्य केस त्यात लपून जाते. मग सीपीटी२ जीन. व्हीएलकॅडचा सौम्य प्रकारही असाच मोठेपणी उघडकीला येतो, त्यामुळे एकच जीन न करता पॅनेल केलेलं बरं.

प्रश्न : जीन रिपोर्टमध्ये एक बदल 'रोगकारक' आणि एक 'अनिश्चित अर्थाचा' लिहिलाय. म्हणजे आजार आहे की नाही?

म्हणजे जीनवाल्यांनी चेंडू परत आमच्याकडे टाकलाय. हे आजार आई आणि बाबा दोघांकडून एकेक सदोष प्रत आली तरच होतात, म्हणून आधी आईबाबांची तपासणी, दोन्ही बदल एकाच्याच बाजूने आले असतील तर दुसरी प्रत शाबूत आहे आणि चित्र बदलतं. दोन बाजूंनी एकेक आले असतील तर मग ॲसिलकार्निटिनचं चित्र जुळतं का आणि पेशीत एन्झाइम किती चालतं हे बघायचं. उलटही होतं, मशीनवर आजार स्पष्ट आणि जीनमध्ये एकच बदल सापडतो, कारण मोठा तुकडा गळालेला किंवा जीनच्या न वाचलेल्या भागातला बदल नेहमीच्या पद्धतीत निसटतो. आणि 'एमकॅडचा एकच नेहमीचा बदल तपासला, निगेटिव्ह आहे' यावर निर्धास्त होऊ नका, तो सी.९८५ए>जी बदल युरोपीय वंशाच्या रुग्णांत फार आढळतो, बाकीच्यांत तसा नाही.

प्रश्न : आमचं पहिलं बाळ पाच महिन्यांचं असताना गेलं. ताप आला, दोन दिवसांत संपलं. हृदय मोठं झालं होतं म्हणाले, लिव्हरही. काही तपासणी झाली नाही. त्या गरोदरपणात शेवटी माझं लिव्हर बिघडलं होतं, प्लेटलेट्स उतरल्या होत्या, म्हणून लवकर सिझेरियन केलं. आता परत दिवस गेलेत, नववा आठवडा. काही कळू शकेल का?

तुमचं पत्र मी सगळ्यात शेवटी ठेवलं कारण त्याला वेळ द्यायचा होता. आणि हे उत्तर छापून येण्याआधीच तुम्हाला पाठवलंय, कारण नववा आठवडा आहे.

तुमच्या लिव्हरची ती ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीय पण माझ्यासाठी तीच मोठी आहे. पोटातल्या बाळाला एलचॅड, म्हणजे लांब साखळ्या तोडणाऱ्या आणखी एका एन्झाइमची उणीव, किंवा त्याच कुटुंबातला दोष असेल तर गरोदरपणाच्या शेवटी आईला हेल्प सिंड्रोम (लिव्हर बिघडतं आणि प्लेटलेट्स उतरतात) किंवा फॅटी लिव्हर होऊ शकतं, तशा सगळ्याच आयांना होतं असं नाही आणि हेल्प झालेल्या बहुतेक आयांच्या बाळांना हा आजार नसतो, पण तुमच्या बाबतीत बाळाचं हृदय आणि लिव्हर सोबत आहे. हे अनुवंशतज्ज्ञांना याच आठवड्यात सांगा, पुढच्या व्हिजिटची वाट बघू नका.

बाळाचं जन्मानंतरचं कार्ड किंवा कुठल्याही तपासणीचं उरलेलं रक्त, लिव्हरचा तुकडा, काहीही जपलेलं असेल तर शोधायला सांगा. वर्षं झाली तरी कार्डावरच्या सुकलेल्या रक्तातून डीएनए निघतो, आणि सी-१६-ओएच, सी-१८:१-ओएच हे हायड्रॉक्सी वाले वाढलेले दिसतात का तेही बघता येतं, कार्ड कसं ठेवलं होतं त्यावर अवलंबून. काहीच नसेल तर तुम्ही दोघं रक्त द्या. दोघांच्यातही त्याच जीनमध्ये, एचएडीएचए किंवा एचएडीएचबी, एकेक सदोष प्रत निघाली तर बाळाचं कारण बहुधा तेच. मग या बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक, आणि ते साधारण अकराव्या आठवड्यापासून वारेच्या पेशींतून किंवा पंधराव्यानंतर गर्भजलातून तपासता येतं. करायचं की नाही हा निर्णय तुमचा दोघांचा, घाईत घेऊ नका, पण दोघांचं रक्त मात्र लगेच द्या, कारण जीनचा रिपोर्ट यायला आठवडे लागतात.

तुम्ही ती तपासणी करायची नाही असं ठरवलंत तरी चालेल, मग बाळंतपणाआधीच बालरोगतज्ज्ञांना आणि लॅबला लेखी कळवून ठेवा. बाळ जन्मल्यापासून त्याची साखर बघत राहायची, उपाशी ठेवायचं नाही, काय पाजायचं ते आधी ठरवून ठेवायचं, आणि पहिलं कार्ड चोवीस तासांच्या आसपास घेऊन आमच्यासारख्या लॅबकडे थेट, 'तातडीचं, आधीचं बाळ गेलेलं' असं वर लिहून. तसं लिहिलेलं कार्ड आम्ही ढिगातून काढून आधी लावतो आणि रिपोर्ट फोनवर देतो. तुमच्या डॉक्टरांचा नंबर कार्डावर असू द्या, रात्री उचलला जाईल असा.